डोळे आणि कान दोन्ही गेलेल्याला 'मी आलेय' हे कसं सांगायचं?

शेवंती_कोल्हापूर | १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज लिहितेच.

आमच्या घरी बंड्या आहे. साधा गावठी कुत्रा, तेरा वर्षांचा. भर पावसात गटाराशेजारी सापडला होता तेव्हा लेकीच्या दप्तरात मावेल एवढा होता. दोन वर्षांपूर्वी त्याला ऐकू येईनासं झालं, आणि आम्हाला ते कळायलाच चारपाच महिने गेले, कारण तो आम्हाला बघून उठायचा आणि आम्ही समजायचो गाडीच्या आवाजाने उठतोय. गेल्या दिवाळीपासून दिसतही नाही. आता नाक आणि पाय एवढंच त्याचं जग.

आणि त्याच घरात माझी आई आहे, वय ८१. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्याने नळीतून बघावं तसं समोरचं थोडंसं दिसतं. कान दोन्ही अधू. मशीन घेतलंय पण ते कपाटात असतं.

गेल्या रविवारी एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी लेकीने झोपलेल्या बंड्याला कुरवाळलं तर तो दचकून एकदम तिच्या हातावर आला. दात उमटले, रक्त नाही आलं, पण पोरगी दिवसभर रडत होती, हाताला लागलं म्हणून नाही, 'बंड्या मला ओळखेना' म्हणून. आणि संध्याकाळी आई पडवीत चहा घेऊन बसली होती, मी मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला. केवढ्यांदा ओरडली ती. कप उलटला, चहा मांडीवर. सुदैवाने निवलेला होता. पातळ बदलून दिलं तेव्हा म्हणाली, "अगं, तू हात लावेपर्यंत माझ्यासाठी घरात कोणीच नसतं. आणि मग एकदम अंगावर हात येतो."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. नातेवाईक म्हणतात बंड्याला आता 'मोकळं' करा. आईबद्दल कोणी काही म्हणत नाही, फक्त तिच्याशी बोलणं कमी करत चाललेत.

तर प्रश्न एवढाच, ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्याला न दचकवता 'मी आलेय' हे कसं सांगायचं? कुणाच्या घरी असं कोणी आहे का, माणूस किंवा जनावर? तुम्ही काय करता?

मोरपंखी | १४ जून, रात्री ११:०५

शेवंतीताई, आईंचं वाक्य वाचून पोटात कालवलं. बंड्याला माझ्याकडून एक पापी.

आमची लॅब्रॅडॉर कुत्री चौदा वर्षांची होऊन गेली, शेवटची दोन वर्षं तिचंही असंच होतं. आमचा नियम एकच होता, झोपलेल्या अंगाला हात लावायचा नाही. आधी नाकासमोर मूठ धरायची, चारपाच सेकंद. वास गेला की नाकपुड्या हलतात, मग कान हलतो, मग ती उठते. घाई असेल तर लांबूनच जमिनीवर पाय आपटायचा. फरशीपेक्षा लाकडावर किंवा तिच्या गादीच्या कडेवर दाबलं की जास्त पटकन कळायचं. आणि स्पर्श नेहमी एकाच जागी, उजव्या खांद्यावर. लेकीला सांगा, बंड्या तिला विसरलेला नाही. त्याला झोपेत कळलंच नाही कोण आहे.

स्पष्टवक्ता | १४ जून, रात्री ११:३२

कडू वाटेल पण लिहितो. ज्या प्राण्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि जो आता घाबरून चावायला लागलाय त्याला ठेवणं हे त्याच्यासाठी आहे की आपल्यासाठी, हा प्रश्न स्वतःला विचारा. घरात लहान मूल आहे. डॉक्टरांशी बोलून शांतपणे निरोप देणं यात क्रूरता नाही. आईंचा विषय वेगळा, तो यात मिसळू नका.

मोरपंखी | १४ जून, रात्री ११:४०

एकदा दचकला म्हणून निरोप? आईसुद्धा दचकल्याच की.

जनावरांचा_डॉक्टर | १५ जून, सकाळी ७:१५

सांगली भागात वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शेवंतीताई, सगळ्यात आधी, रक्त आलं नसलं तरी जिथे दात उमटलेत ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला हवी होती, आणि लेकीला डॉक्टरांना दाखवा. बंड्याची रेबीजची लस वेळेवर झाली असली तरी दाखवा. घरचा कुत्रा म्हणून यात सवलत घ्यायची नाही.

आता बंड्या. स्पष्टवक्ता यांचा प्रश्न योग्य आहे, फक्त तो आंधळेपणाबद्दल विचारायचा नसतो, दुखण्याबद्दल विचारायचा असतो. कुत्रा नाकावर जगतो. डोळे हळूहळू गेले तर बहुतेक कुत्री इतकी जुळवून घेतात की घरच्यांना खाट हलवल्यावर कळतं, हा आदळला म्हणून. त्याला आपल्यासारखं 'माझी दृष्टी गेली' असं दुःख वाटत राहतं असं मला कधी दिसलेलं नाही. पण डोळ्यातलं प्रेशर वाढलं असेल, म्हणजे काचबिंदू, तर ते भयंकर दुखतं, आणि कुत्रं ते सांगत नाही, नुसतं गप्प पडून राहतं, डोकं भिंतीला घासतं, खाणं कमी करतं. त्यामुळे बंड्याच्या डोळ्यांचं प्रेशर एकदा मोजून घ्या. एका झोपेत चावण्यावरून काही ठरवू नका.

अजून एक. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक आली की लोक म्हणतात मोतीबिंदू झाला. बऱ्याचदा ते फक्त वयाने भिंग घट्ट झाल्यामुळे असतं आणि त्याला दिसत असतं. खात्री करायची असेल तर कापसाचा बोळा नजरेसमोरून खाली टाकायचा. कापसाला आवाज नाही, वारा नाही. नजर मागे गेली तर दिसतंय. खरा मोतीबिंदू मधुमेह झालेल्या कुत्र्यांत फार पटकन होतो, बहुतेकांना वर्षभराच्या आत. पाणी खूप प्यायला लागलाय का बघा. आणि आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे गोचीड ताप, त्याने डोळ्यात रक्त उतरतं, पडदा सुटतो. एका दिवसात दृष्टी गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्या नाही. कानात औषध घालतानाही आधी पडदा फाटलेला नाही ना हे तपासून घ्या, काही थेंब फाटक्या पडद्यातून आत गेले तर ऐकणं कायमचं जातं.

आणि ज्यांना पिल्लू विकत घ्यायचंय त्यांनी पांढऱ्यावर ठिपके, निळे डोळे याच्या मोहात पडण्याआधी चौकशी करा. ठिपकेदार रंगाचे दोन आईबाप मुद्दाम जुळवले की काही पिल्लं जन्मतःच बहिरी, काही आंधळी, काही दोन्ही निघतात. विकणारा ते सांगत नाही.

निळी_मनी | १५ जून, सकाळी ९:०२

डॉक्टर, निळ्या डोळ्यांचं वाचलं आणि धस्स झालं. आमची मनी पूर्ण पांढरी, दोन्ही डोळे निळे. कुकरची शिट्टी झाली तरी हलत नाही. आम्ही म्हणायचो किती शांत मांजर!

जनावरांचा_डॉक्टर | १५ जून, सकाळी ९:२०

ताई, ती बहिरी असण्याची शक्यता बरीच आहे. ज्या रंगपेशी कातडीला आणि डोळ्याला रंग देतात त्याच आतल्या कानातही लागतात, त्या तिथे पोचल्याच नाहीत की कान जन्मल्यावर काही आठवड्यांतच निकामी होतो. एकच डोळा निळा असेल तर बहुधा त्याच बाजूचा कान जातो. तिला बाहेर रस्त्यावर सोडू नका, बाकी ती सुखात जगेल.

आणि मांजरं पाळणाऱ्या सगळ्यांना हात जोडून, नुसत्या दूधभातावर मांजर ठेवू नका. मांजराला टॉरीन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळतो, शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो मिळाला नाही की महिनोनमहिने डोळ्याचा पडदा झिजत जातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. कुत्र्याचं खाणं मांजराला घालणाऱ्यांनाही हेच. शाकाहारी घरात मांजर असेल तर तिच्यासाठी मांजराचंच तयार खाणं आणा.

बांधावरून | १५ जून, दुपारी १:४८

आमच्याकडं बार्शी भागात वडलांचा सर्ज्या नावाचा बैल होता. आधी एका डोळ्यात फूल पडलं मग दुसऱ्यात. सगळे म्हणले बाजार दाखवा. वडील म्हणले बारा वर्षं ह्यानं आपल्याला भाकर दिली.

सर्ज्या कायम डाव्या अंगाला जुंपायचे आणि उजवीकडं राजा. जोडी सहा वर्षं जुनी. राजाच्या गळ्यात घुंगरं होती ती सर्ज्यासाठी. राजा वळला की जू वळतं, जू वळलं की ह्याचा खांदा वळतो, डोळ्याचं कामच नाही. वडील फक्त खड्डा आला की शेपटीच्या बुडाला बोटं टेकवायचे. तेवढ्यावर पाय उचलून टाकायचा. कोळपणीला त्याच्या तासात एक रोप मोडलेलं मी बघितलं नाही.

आणि ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वडील गोठ्यात शिरताना लांबनंच घसा खाकरायचे, मग पुठ्ठ्यावर एक थाप, मग हात न उचलता पाठीवरनं तसाच मानेपर्यंत फिरवत न्यायचे. हात उचलला की जनावराला वाटतं माणूस गेला, आणि परत ठेवला की नवीन कोणतरी आलं. हे वडील म्हणायचे. राजा एकदा आठ दिवस आजारी होता तर सर्ज्या गोठ्याच्या बाहेर पाऊल टाकंना.

मोरपंखी | १५ जून, दुपारी २:१०

'हात न उचलता'. हे मला कधीच सुचलं नव्हतं. काका, मनापासून धन्यवाद.

विचारी_वाचक | १५ जून, दुपारी ३:३०

धागा चांगला आहे पण मला एक खटकतंय. कुत्रा, मांजर, बैल आणि आजी सगळे एकाच रांगेत. आंधळ्या-बहिऱ्या माणसांना हे वाचून काय वाटेल? त्यांना भाषा आहे, मत आहे, हक्क आहेत. आधीच समाज त्यांना 'बिचारे' म्हणून बाजूला बसवतो, त्यात आपण बैलाच्या थापेची युक्ती आईला लावायची?

नळीतून_आकाश | १५ जून, रात्री ९:५५

विचारी_वाचक, काय वाटेल ते मीच सांगतो, कारण मी त्यातलाच आहे आणि हा धागा फोनवर अक्षरं भलीमोठी करून दोन तास वाचत होतो.

मला अशर सिंड्रोम आहे. जन्मापासून ऐकू कमी, चौथीपासून दोन्ही कानांत मशीन. मग सोळाव्या-सतराव्या वर्षी रात्रीचं दिसेनासं झालं. गणपतीच्या मिरवणुकीत मित्र पुढे निघून जायचे आणि मी खांबांना धडकायचो, लोक म्हणायचे एवढ्या लहान वयात पिऊन आलाय. मग कडेकडेचं दिसणं कमी होत गेलं. आता ३८ वर्षांचा आहे, समोर ताटलीएवढं दिसतं. आईवडील मामे-आते भावंडं. दोघांकडेही तोच एक बिघडलेला जीन गुपचूप होता, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हे होण्याची शक्यता चारात एक असते. धाकटी बहीण ठणठणीत आहे. मी कुणालाही दोष देत नाही, पण आपल्याकडे अजून हौसेने मामाची मुलगी करतात, आणि घरात कुणी बहिरं-आंधळं असेल तर निदान आधी जेनेटिक कौन्सेलरला भेटा एवढं तरी सांगायला हवं.

तुमच्या काळजीबद्दल आभार, पण बैलाच्या गोष्टीने मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, त्या सर्ज्याला मिळालं ते मला एसटी स्टँडवर मिळावं. तिथे काय होतं माहितीये? कोणीतरी न बोलता, न सांगता माझा दंड पकडतं आणि रस्त्यापलीकडे ओढत नेतं. मला जायचंही नसतं पलीकडे! भलं करायला आलेला माणूस असतो, पण दोन सेकंद मला कळत नाही की हा मदत करतोय की खिसा कापतोय. तुमच्या हाताची पाठ माझ्या हाताच्या पाठीला हलकेच लावा. मी तुमचा हात चाचपून कोपर पकडेन आणि अर्धं पाऊल मागून चालेन. तुमचा खांदा वळला की मी वळतो. बांधावरून काकांनी जू सांगितलं ना, तेच.

काठीबद्दलही लिहितो. पांढरी काठी दृष्टी नसलेल्याची हे सगळ्यांना माहीत असतं. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असतील तर त्या माणसाला ऐकूही येत नाही किंवा कमी येतं. हॉर्न वाजवून काही होणार नाही, थांबा. मी पहिल्यांदा काठी घेऊन घरी आलो तेव्हा आईने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता तीच दार उघडताना काठी आधी हातात देते.

नोटांचंही सांगायचं होतं, शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०, रुंदी तिन्हींची सारखीच. चार मिलिमीटरचा फरक चालत्या बसमध्ये बोटाने ओळखून दाखवा. पण ते विषयांतर होईल.

विचारी_वाचक | १५ जून, रात्री १०:२०

मी तुमच्या वतीने बोलायला नको होतं. तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. लाल पट्ट्यांचं मला खरंच माहीत नव्हतं.

स्पर्शिका | १६ जून, सकाळी ८:४०

मी विशेष शिक्षिका आहे, बधिरांध मुलांसोबत काम करते. हो, असा वेगळा शब्द आहे, बधिरांध, कारण हे 'आंधळेपण अधिक बहिरेपण' नसतं. आंधळा माणूस कानाने भरून काढतो, बहिरा डोळ्याने. दोन्ही नसलं की भरून काढायला दूरचं काहीच उरत नाही, हात पोचेल तेवढंच जग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधतेचा स्वतंत्र उल्लेख आहे, प्रमाणपत्र काढताना त्याचा आग्रह धरा. मुंबईत हेलन केलर यांच्या नावाची बधिर आणि बधिरांध मुलांसाठीची संस्था १९७७ पासून आहे, तरीही गावोगावी अशी मुलं 'मतिमंद' म्हणून घरात बसलेली सापडतात.

माझा पहिला विद्यार्थी पाच वर्षांचा होता. आईला तिसऱ्या महिन्यात अंगावर पुरळ आलेलं, ताप दोन दिवसांत गेला, कुणी लक्ष दिलं नाही. तो रुबेला होता. बाळाला जन्मतः मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयाला छिद्र. तो कुणालाही जवळ येऊ द्यायचा नाही, बोचकारायचा. सगळे म्हणायचे रागीट आहे. आम्ही एवढंच केलं की प्रत्येकाला एक खूण दिली. माझी खूण म्हणजे डाव्या हातातली खडबडीत लाकडी बांगडी. रोज जवळ गेले की आधी त्याच्या हाताच्या बाजूला माझा हात, मग त्याची बोटं बांगडीवर. मग तो हात तिथेच ठेवून थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. हे थांबणं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याला कळायला आणि 'हो' म्हणायला वेळ लागतो. आंघोळीआधी हातात टॉवेल, जेवणाआधी चमचा, बाहेर जायचं असेल तर चप्पल. सातव्या आठवड्यात एक दिवस मी जवळ बसले आणि त्याने स्वतः माझं मनगट शोधलं, बांगडी गोल फिरवली आणि हसला.

त्याचा हात धरून कामं करून घ्यायची नाहीत हेही शिकले. आपला हात खाली, त्याचा वर. म्हणजे त्याला वाटलं तर तो काढून घेऊ शकतो.

शेवंतीताई, आईंना तर सगळं समजतं, त्यांच्याकडे आयुष्यभराची भाषा आहे. तुमची खूण कोणती असावी हे त्यांनाच विचारा.

रुबेलाबद्दल एवढंच, महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोठी मोहीम झाली होती, तेव्हा अफवांमुळे काही पालकांनी शाळेला नकार कळवला होता. ज्यांच्या मुली तेव्हा राहिल्या असतील त्यांनी लग्नाआधी डॉक्टरांना जरूर विचारा. गरोदरपणात ही लस देत नाहीत, त्यामुळे आधीच.

परळचा_पोऱ्या | १६ जून, दुपारी १२:१५

स्पर्शिकाताई, अंगावर काटा आला.

'आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ' ही म्हण आपण एकमेकांच्या उपयोगी न पडणाऱ्या दोघांसाठी वापरतो, पण आमच्या चाळीत ती गाठ खरीच होती आणि उत्तम चालायची. तळमजल्यावर टेलरिंगचं दुकान, कापणारे काका जन्मापासून बहिरे, आणि काजं-बटणं करायला, फोन घ्यायला बसायचे ते काका पूर्ण आंधळे. गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप आंधळे काका ऐकायचे आणि बहिऱ्या काकांच्या तळहातावर बोटाने आकडे काढायचे. ३६, २८, बाही १०. आम्ही पोरं तासनतास बघत उभे राहायचो. दिवाळीत दुकान रात्री दोनपर्यंत चालायचं आणि लाइट गेली की तळहाताची भाषा तशीच चालू!

आणि कृपया 'मूकबधिर' लिहू नका कोणी. ते बहिरे काका हातांनी इतकं बोलायचे की मूक म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

पुन्हा_एकदा_सांग | १६ जून, दुपारी ४:३३

कपाटातल्या मशीनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारा.

म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त हे उच्चार त्या पट्टीत असतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि बायका-मुलांचं बोलणं पुरुषांपेक्षा आधी पुसट होतं. आपण ओरडलो की स्वरच मोठे होतात, 'स' तिथेच राहतो. माझ्या आजोबांना आम्ही ओरडून सांगितलं 'सून आली', ते म्हणाले "ऊन आलं?" आणि पापडांचं ताट घेऊन गच्चीवर गेले. नवी सून खाली दारात माप ओलांडायची थांबलेली! मग वहिनीच गच्चीवर गेली नमस्काराला, आणि पापड उलटायला बसली त्यांच्याबरोबर.

मशीन कपाटात जातं कारण वर्षानुवर्षं शांत असलेल्या डोक्यात एकदम भांडी, पंखा, मिक्सर सगळं घुसतं. परत जाऊन सेटिंग करून घ्या, एका भेटीत ते जमत नाहीच. आधी कानातला मळ तपासा. सुरुवातीला शांत खोलीत एकच तास, एकाच माणसाशी बोलणं. मग हळूहळू वाढवा. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत ठेवा, आपल्या दमट हवेने मशीनं बिघडतात. आणि बोलताना उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. आईंना समोरचं थोडं दिसतंय ना, मग त्या नळीच्या आत येऊन बसा.

स्पष्टवक्ता | १६ जून, रात्री ११:१०

सगळं वाचलं. माझं मत मी पूर्ण मागे घेत नाही. आमच्या ब्रूनोला डोळ्यांचं प्रेशर होतं, एक डोळा काढला, दुसऱ्यातही तेच. पाच महिने आम्ही 'जुळवून घेईल' म्हणत राहिलो, आणि तो कोपऱ्यात डोकं टेकवून उभा असायचा. ते दुखणं होतं हे आम्हाला उशिरा कळलं. म्हणून पहिल्या दिवशी तसं लिहिलं. डॉक्टरांनी वर म्हटलंय तेच, दुखतंय का ते आधी बघा. शेवंतीताई, प्रेशर मोजलंत का?

मोरपंखी | १६ जून, रात्री ११:२५

ब्रूनोबद्दल माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद टोचला असेल तर माफ करा.

शेवंती_कोल्हापूर | ६ जुलै, रात्री ९:१८

उशीर झाला, माफी असावी. तीन आठवड्यांत बरंच झालं.

स्पष्टवक्ता दादा, प्रेशर मोजलं, दोन्ही डोळ्यांत ठीक आहे. साखरही ठीक. पडदा वयाने झिजलाय, इलाज नाही, पण दुखत नाहीये असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी पहिल्यांदा रडले. लेकीलाही दवाखान्यात नेऊन आणलं.

घरात काहीही हलवायचं नाही असं ठरलंय. जिन्याच्या तोंडाशी काथ्याचं पायपुसणं टाकलंय, पायाला काथ्या लागला की बंड्या थांबतो. पाण्याच्या भांड्याखाली गोणपाट. लेक झोपलेल्या बंड्याजवळ आधी पालथी मूठ धरते, नाक हललं की उजव्या खांद्यावर हात, आणि मग हात न उचलता मानेपर्यंत. बांधावरून काका, ती त्याला 'सर्ज्याची थाप' म्हणते. परवा त्याने झोपेतच शेपटी आपटली.

आईला मी विचारलं, आई, माझी खूण कोणती ठेवूया? मशीन कानात होतं, खिडकी माझ्या पाठीमागे नव्हती. ती बराच वेळ बोलली नाही. मग माझा हात घेऊन आपल्या मनगटावर ठेवला, बांगड्यांच्या वर, आणि दोनदा दाबला. म्हणाली, "तू लहान असताना जत्रेत गर्दीत मी तुझं मनगट असं दाबायचे. आहे मी, म्हणून. तेच ठेव." मला यातलं काहीही आठवत नव्हतं.

आता मी लांबून येताना पडवीच्या लाकडी फळीवर पाय जरा जोरात टाकते, ती मान वळवते. मग मनगट, दोनदा. भाऊ आला की तो तळहातावर त्याच्या नावाचं अक्षर काढतो. माझ्या जावेला तिने स्वतःच खूण दिली, अंगठा ओढायचा. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पंक्तीत बसून जेवली.

नळीतून_आकाश | ६ जुलै, रात्री ९:५०

ताई, जाताना पण सांगता ना? येताना सगळे सांगतात. निघून जाताना कोणी सांगत नाही, आणि आम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो.

शेवंती_कोल्हापूर | ६ जुलै, रात्री १०:०२

नाही हो. हे राहिलंच होतं. आत्ता जाऊन विचारते, झोपली नसेल अजून.

शेवंती_कोल्हापूर | ६ जुलै, रात्री १०:३१

मनगटावरून हात बोटांपर्यंत खाली ओढत न्यायचा आणि करंगळीशी सोडायचा. तिने करून दाखवलं. बंड्या पायाशी झोपला होता, त्याच्यावरही तिनेच करून बघितलं, पंजापर्यंत.